कुत्री रानभर पळते, पण पक्षी उठत नाही: हंगामाआधीच्या टेहळणीतला नेहमीचा घोळ

"कुत्री तीन तास पळाली, अंगावरून सोळा गोचिड्या काढल्या, पक्षी एकही उठला नाही. ही बिघडली का हो?"

ऑगस्ट लागला की असा एखादा फोन मला येतोच. खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं असे फोन मीच इतरांना करत होतो.

मी अमेरिकेत, मिनेसोटात असतो. इथे सप्टेंबरच्या मध्याला रफ्ड ग्राउस या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला लांब शेपटीच्या फेझंटचा. त्याआधी काही आठवडे बंदूक घरी ठेवून, नुसती कुत्री घेऊन, कुठल्या रानात पक्षी आहेत ते बघत फिरायचं, ही झाली टेहळणी. माझी टिकली ब्रिटनी जातीची आहे. पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजून उभी राहायची, हे तिचं काम. इथले लोक त्याला पॉइंट म्हणतात. मग दडलेला पक्षी भर्रकन उडतो, तेच त्याचं उठणं. (कुत्री मूळची फ्रान्सची, फेझंट १८८१-८२ च्या सुमारास चीनमधून ओरेगनात आणून सोडलेला, आणि मी मंगळवेढ्याचा. त्या रानात अस्सल इथला असा फक्त ग्राउस.)

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि माळावर कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे तितर-लाव्यांची घरटी उधळणं. हे तिकडे करून बघू नका.

लक्षणं

यातलं कुठलं तुमचं, ते आधी ठरवा.

क) कुत्री जोरात पळते, नाक वर असतं, पण थबकत कुठेच नाही.

ख) थबकते, शेपटी थरथरते, मग मिनिटभरात सोडून देते. तुम्ही जाऊन पाहता तर जागा रिकामी.

ग) पक्षी उठतो, पण तुमच्या पाठीमागे, नाहीतर साठ पावलं पुढे. कुत्रीला पत्ताच नसतो.

घ) पहिली वीस मिनिटं झकास, नंतर जीभ लोंबते आणि ती तुमच्या पायांत घुटमळते.

च) मागच्या वर्षी जिथे सात-आठ उठले होते तिथे यंदा शून्य.

क आणि ग असेल तर बहुतेक वेळा वारा नाहीतर तुम्ही स्वतः. ख बहुधा ऊन किंवा पळून गेलेला पक्षी. घ म्हणजे कुत्रीची तब्येत. च म्हणजे रान. तरीही तपासण्या खाली दिलेल्या क्रमानेच करा, कारण पहिल्या चार फुकट आहेत आणि माझ्या अनुभवात दहातले सात घोळ तिथेच मिटतात. मी हा क्रम उलटा केला होता. आधी प्रशिक्षकाकडे गेलो, पैसे भरले, आणि शेवटी दोष वाऱ्याचा निघाला.

१. तारीख बघा

सगळ्यात सोपी तपासणी, आणि सगळ्यात जास्त लोक हीच विसरतात. मिनेसोटात १६ एप्रिल ते १४ जुलै या काळात सार्वजनिक जमिनीवर शिकारी कुत्र्याला सराव देता येत नाही. खास परवाना असेल तर गोष्ट वेगळी. इतर राज्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, त्या त्या राज्याच्या नियमपुस्तिकेत बघा.

कायदा बाजूला ठेवला तरी लवकर जाण्यात फायदा नाही. ग्राउसची मादी ९ ते १४ अंडी घालते आणि जवळपास २४ दिवस उबवते. पिल्लं मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला बाहेर येतात. पहिलं घरटं कोल्ह्या-रकूनने मोडलं असेल तर दुसऱ्या खेपेची पिल्लं आणखी उशिरा. एवढीशी पिल्लं उठतच नाहीत, वाळक्या पानांत पोट टेकून बसून राहतात. म्हणजे रान भरलेलं असूनही तुम्हाला रिकामं दिसतं, आणि कुत्रीच्या पायाखाली एखादं चिरडतं ते वेगळं. समोर एखादी मादी पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत, फरफटत चालली, तर कुत्रीला तिथल्या तिथे दोरी लावा आणि आल्या वाटेने परत फिरा. त्या जागेची टेहळणी तेवढ्यावर पूर्ण झाली, पक्षी आहेत हे कळलं.

मी ग्राउसच्या रानात ऑगस्टच्या मध्याआधी पाऊल ठेवत नाही.

२. घड्याळ आणि थर्मामीटर

कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतं. धापा टाकताना हवा उघड्या तोंडातून भरभर बाहेर पडते. हुंगायला मात्र ती नाकातून छोट्या छोट्या झटक्यांत घ्यावी लागते. दोन्ही कामं एका वेळी धड होत नाहीत. ऑगस्टच्या सकाळी दहा वाजता तुमची कुत्री रानात पळते ती निम्मं नाक बंद ठेवून, असं समजा.

शिवाय जमीन तापली की हवा वर उठते आणि वासाचा धागा तुटतो. पहाटे दव असतं, जमीन गार असते, वास खाली धरून राहतो. म्हणून उजाडताना सुरुवात करायची आणि पारा २१ अंश सेल्सियसच्या (इथल्या भाषेत सत्तर फॅरनहाइटच्या) वर गेला की गाडीकडे वळायचं. त्या दिवशी एकही पक्षी दिसलेला नसला तरी वळायचं. माझं पहिल्या दोन वर्षांतलं ख लक्षण एवढ्यावरच गेलं. मी शनिवारी आरामात चहा-पोहे करून साडेनऊला निघत होतो.

३. वारा

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तरेकडे ॲस्पेन नावाच्या झाडांचा एक तुकडा आहे, साधारण चाळीस एकरांचा. एका बाजूला सरकारी रस्ता आणि गाडी लावायची जागा, दुसऱ्या बाजूला दलदल. तीन शनिवार टिकली तिथे वेड्यासारखी पळाली. एकदाही थबकली नाही. दोनदा माझ्या पाठीमागे भर्र आवाज झाला, म्हणजे पक्षी होते, आम्ही त्यांच्या बाजूने निघून गेलो होतो. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, हिचं नाक गेलं. ती म्हणाली, "काल रात्री ओट्यावर मागे सरकवून ठेवलेला डबा तिने झाकणासकट शोधून काढला. कुणाचं नाक गेलं?"

मग शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने, ज्याने साठ वर्षं हेच केलं आहे, एकच प्रश्न विचारला. गाडी कुठे लावतोस? म्हटलं, गाडी लावायच्या जागेत. तो हसला. तिकडे त्या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि गाडीची जागाही पश्चिमेला. म्हणजे दर शनिवारी आम्ही वारा पाठीवर घेऊन रानात शिरत होतो. आमची चाहूल आमच्या आधी पक्ष्यांपर्यंत पोचत होती आणि पक्ष्यांचा वास टिकलीपासून दूर वाहत होता. चौथ्या शनिवारी मी पाऊण तास वळसा घालून दलदलीच्या बाजूने शिरलो. चाळीस पावलं झाली नसतील, टिकलीने मान डावीकडे फिरवली आणि एक पाय वर तसाच ठेवून ती थिजली. हेझलच्या झुडपाखालून एका मागोमाग एक पाच उठले.

वारा बघायला यंत्र लागत नाही. इथे रस्त्याकडेला मिल्कवीड नावाचं झाड उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. पान तोडलं की तसाच पांढरा चीक, आणि शेंग उकलली की आत तीच "म्हातारी", लहानपणी आपण फुंकत पळायचो ती. शरदात शेंगा वाळल्या की मी दोन-चार काढून कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डबीत भरून ठेवतो. पुढच्या ऑगस्टला ती डबी खिशात. दर दहा मिनिटांनी एक म्हातारी चिमटीत धरून सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. नुसतं बोट ओलं करून वर धरलं तर तुमच्या बोटापाशी वारा कुठला ते कळतं, पण म्हातारी तुम्हाला तीस पावलांपुढचा वारा दाखवते. गवतावरून सरळ गेलेली म्हातारी झाडांच्या कडेला पोचली की गरकन फिरते, वर चढते, कधी उलटी तुमच्याकडेच येते. कुत्रीचं नाक तेच सगळं सोसत असतं.

आणखी एक. पहाटे वारा पडलेला असला तरी हवा स्थिर नसते. गार हवा जड, ती उतारावरून ओढ्याकडे, दलदलीकडे हळूहळू वाहते. अशा वेळी खालून वर चढत जायचं. ऊन चढलं की हाच प्रवाह उलटतो.

म्हणजे नियम एवढाच की जिथे गाडी लावणं सोयीचं तिथून शिरू नका, वाऱ्याच्या तोंडाने शिरता येईल तिथून शिरा. वळसा लांब पडतो, कधी दुसऱ्याच्या शेताची कड लागते. शेत खाजगी असेल तर आधी परवानगी. ती मिळाली नाही तर वारा बदलेल त्या दिवशी या.

४. तुम्ही स्वतः

गाडीचं दार आपटू नका. कुत्रीच्या गळ्यातली घंटा टेहळणीपुरती काढा, जीपीएसचा पट्टा असेल तर घंटेची गरजही नाही. आणि सारखी हाक मारू नका. मी टिकलीला मराठीतच शिकवलंय, "थांब", "ये गं", "हळू". सुरुवातीला दर मिनिटाला "ये गं" चालायचं, कारण ती दिसेनाशी झाली की माझा जीव वरखाली. त्याचा परिणाम असा की ती नाकाने काम करायचं सोडून सारखं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तुमच्यापासून पन्नास-साठ पावलांत असेल तर बोलावू नका.

दुसरं म्हणजे चाल. सरळ रेषेत, एकाच वेगात चालणाऱ्या माणसाला ग्राउस बाजूने जाऊ देतो. त्याचा रंग वाळक्या पानांचा, त्याचा भरवसा त्या रंगावर. तुम्ही थांबलात की मात्र त्याला वाटतं, आपण दिसलो. म्हणून वीस पावलं चाला आणि अर्धा मिनिट उभे राहा. पुष्कळ पक्षी त्या अर्ध्या मिनिटात उठतात. कुत्रीलाही त्या वेळात मागे फिरून, सुटलेला कोपरा हुंगून यायला सवड मिळते.

५. रान

आता थोडे कष्ट. एक सकाळ कुत्री घरी ठेवून जा. टिकली दाराशी तोंड पाडून बसते, पण इलाज नाही. कुत्री बरोबर असली की आपण तिच्याकडे बघतो, जमिनीकडे नाही.

ग्राउसचं रान म्हणजे तरुण ॲस्पेन. हे झाड ओळखायला सोपं, जराशा झुळकेनेही पिंपळासारखी पानं सळसळतात. तोडलं की मुळांतून शेकड्यांनी धुमारे फुटतात आणि काही वर्षांत इतकी दाट काठ्यांची जाळी होते की आडवं चालावं लागतं. ससाणे-घुबडांना त्या जाळीत झेप घेता येत नाही, म्हणून ग्राउस तिथे. माझं मोजमाप साधं आहे. खोड अंगठ्याएवढं असेल तर अजून लवकर, मनगटाएवढं असेल तर बरोबर, मांडीएवढं झालं की वेळ गेली. लोक चुकतात ते इथे. दहा वर्षांपूर्वी जी जागा सोन्यासारखी होती ती आज तितकीच हिरवी दिसते, पण खाली जमीन मोकळी झालेली असते. रान तेच, वय वेगळं. च लक्षणाचं पहिलं कारण हे.

एकटी जाळीही पुरत नाही. लाकूडतोडीच्या जुन्या वाटेवर क्लोव्हरची पानं, कडेला हेझल किंवा पांढऱ्या फळांचं करडं डॉगवुड, खाली ओलसर जागी आल्डरची झुडपं, हे सगळं शंभर-दीडशे पावलांत एकमेकांना भेटत असेल ती जागा नकाशावर खुणेची. कोरड्या उन्हाळ्यात मी आधी आल्डरकडे जातो.

मग खाली वाका. ग्राउसची विष्ठा म्हणजे जाड शेवेचा वाकडा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला चुना लावल्यासारखा पांढरा. ओल्या वाटेवर, पडलेल्या ओंडक्यावर मिळते. जुन्या, शेवाळलेल्या ओंडक्यावर एकाच जागी ढीग असेल तर तो नराचा ढोल वाजवायचा ओंडका. वसंतात तो त्यावर उभा राहून पंखांनी हवा बडवतो, आवाज लांबवर ट्रॅक्टर सुरू होत नसल्यासारखा येतो. मुंग्यांच्या वारुळाशी, उन्हाच्या तुकड्यात, ताटलीएवढे भुसभुशीत खळगे दिसले आणि त्यात एखादं पट्ट्यापट्ट्यांचं पीस असेल तर पक्षी तिथे मातीत लोळतात. कोरड्या मातीवर पावसाचे ठिपके बघा. खळग्यात ठिपके नसतील तर तो कालच्या पावसानंतरचा. त्या खळग्याशेजारी मी दहा मिनिटं नुसता बसतो. हे टेहळणीत मोडतं की नाही माहीत नाही, पण बसतो.

ही सगळी चिन्हं नसतील तर कुत्रीला बोल लावू नका, रान बदला. आणि चिन्हं थोडीच असतील तर एक लक्षात ठेवा. इथे ग्राउसची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात चढते-उतरते. उतरत्या वर्षी चांगल्या रानातही दोनच उठतात. राज्याचं वन्यजीव खातं दर वसंतात ढोलांचे आवाज मोजून आकडे जाहीर करतं, ते वाचून मगच आपल्या नशिबाबद्दल बोला.

६. फेझंट असेल तर कुत्री गाडीतच

फेझंटसाठी मी ऑगस्टमध्ये कुत्री गवतात सोडतच नाही. दक्षिण आणि पश्चिम मिनेसोटाच्या शेतपट्ट्यांत त्याची टेहळणी रस्त्यावरून होते, आणि सरकारही तसंच करतं. इथे १९५५ पासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचवीस मैलांच्या ठरलेल्या वाटांवर उजाडता उजाडता गाडी हळू चालवून पक्षी मोजतात. दिवस निवडताना दव भरपूर आणि वारा कमी असा निवडतात. कारण दवाने चिंब झालेलं गवत पिल्लांना गारठवतं, म्हणून मादी त्यांना खडीच्या रस्त्यावर, उन्हात वाळवायला आणते. थोडाच वेळ चालतं हे. तुम्हीही करा. डिझेल सोडून खर्च नाही. कोरड्या सकाळी जाल तर रस्ता मोकळा दिसेल आणि तुम्ही वहीत शून्य लिहाल, जे खोटं असेल.

मग हंगाम उघडतो त्या दिवशी तेच गवत रिकामं निघतं, आणि लोक पुन्हा कुत्रीवर चिडतात. शेजारी बघा, मका उभा आहे का? ऑक्टोबरच्या मध्याला बराच मका उभा असतो आणि पक्षी त्यात असतात. पीक निघालं की गवतात येतात. शिवाय फेझंट चालायला पक्का, कुत्री पॉइंटवर उभी असताना तो सरींमधून पार टोकाला पोचलेला असतो. ख लक्षण फेझंटबाबत असेल तर तो बिघाड नव्हे, तो फेझंट.

७. कुत्रीचं शरीर

घ लक्षण असेल तर आता इथे. बरगड्यांवरून तळहात फिरवा. बोटांना बरगड्या सहज लागायला हव्यात. शोधाव्या लागत असतील तर हिवाळाभर खाल्लेलं अजून अंगावर आहे. टिकलीला आमच्या आईने तुपाची पोळी लावली होती त्या वर्षी ती पंधरा मिनिटांत बसायला लागली. आईशी बोलणं नाजूक काम होतं, पण केलं. जुलैपासून रोज पहाटे वीस मिनिटं पळणं, दर आठवड्याला थोडं वाढवत, आणि पाणी दर पंधरा मिनिटांनी.

मग पंजे उलटे करून गाद्या, बोटांमधल्या फटी, कानांची आतली बाजू, काख, पापण्या बघा. काही गवतांचं कुसळ उलट्या काट्याचं असतं, आपल्या माळावरच्या कुसळीसारखं. कातडीत शिरलं की पुढेच जातं, मागे येत नाही. बाहेर दिसणारं चिमट्याने काढा. आत गेलेलं खणू नका.

८. नाक खरंच गेलं का?

वरचं सगळं तपासून झालं असेल तरच हे. तुम्हाला माहीत असलेल्या जागी पक्षी ठेवून कुत्रीला वाऱ्याच्या तोंडाने आणायचं आणि बघायचं. कबूतर चालतं. इथे पक्षी-फार्मवर सरावासाठी चकोरही विकत मिळतात. होय, तोच चकोर, चांदणं पिऊन जगणारा. मी पहिल्यांदा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कोंबलेले सहा चकोर घेऊन पावती खिशात घातली तेव्हा शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या. पाळीव पक्षी सोडण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, फार्मवाल्याला आधी विचारा.

पक्षी जाळीच्या पिंजऱ्यात, गवताआड. तुम्ही ठेवायला गेलात त्या वाटेने कुत्रीला आणू नका, नाहीतर ती तुमच्या बुटांचा माग काढेल. गार सकाळ, हलका वारा. तीन वेळा, तीन जागी. तीनही वेळा वीसेक पावलांवरून पकडलं तर नाक ठणठणीत आहे आणि तुम्ही परत तपासणी ३ वर जा. तीनही वेळा शेजारून निघून गेली तर औषधं आठवा. टिकलीला एका ऑगस्टमध्ये जुलाब झाले, मेट्रोनिडॅझोल सुरू झालं, आणि त्या आठवड्यात तिने कबुतराला अक्षरशः ओलांडलं. हे औषध काही कुत्र्यांचं नाक मंद करतं, स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांवर ते तपासून पाहिलेलं आहे. गोळ्या संपल्यावर दोन आठवड्यांनी ती पूर्ववत झाली. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा की ही कामाची कुत्री आहे, दुसरं काही देता येईल का.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

ताबडतोब, त्याच मिनिटाला: पाय लटपटताहेत, हिरड्या विटकरी लाल, जीभ टोकाला रुंद होऊन चमच्यासारखी, हाकेला ओ नाही. हा उष्माघात. आधी तिथेच सगळं अंग पाण्याने भिजवा, असेल नसेल ते पाणी ओता, वारा घाला, मग गाडी. थर्मामीटर ४० अंशांच्या वर दाखवत असेल तर नंतर ती बरी वाटली तरी पशुवैद्याला दाखवायचंच. आतल्या अवयवांचं नुकसान दुसऱ्या दिवशी कळतं.

तितक्याच घाईने: साचलेल्या तळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय होती आणि कुत्री त्यातलं पाणी प्यायली किंवा त्यात पोहली. ते विषारी शेवाळ असू शकतं आणि काही तासांत जीव जातो. लक्षणांची वाट बघू नका.

त्याच दिवशी: अचानक एकामागोमाग शिंका, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पू, डोळा मिटून घेणं. कुसळ नाकात किंवा पापणीखाली आहे, भूल देऊनच काढावं लागतं. साळिंदराचे काटे दोन-चार असतील तर कुणी पक्कडीने काढतात. तोंडात, घशाशी किंवा डझनाच्या वर असतील तर हात लावू नका.

दोन-तीन दिवसांत: लंगडणं आज या पायात, उद्या त्या पायात, बरोबर ताप. गोचिडीचा आजार बघायला रक्त तपासायचं. खोकला, वजन उतरणं, डोळ्यात लाली असेल तर डॉक्टरांना ब्लास्टोमायकोसिसचं नाव तुम्हीच काढून विचारा. ही बुरशी इथल्या ओल्या, कुजक्या मातीत असते आणि कुत्री नेमकी तिथेच नाक खुपसते.

प्रशिक्षकाकडे कधी? पक्ष्याचा वास लागल्याचं स्पष्ट दिसतं आणि ती मुद्दाम मान फिरवून दुसरीकडे जाते, तेव्हा. याचा अर्थ तिला पक्ष्याजवळ कधीतरी काहीतरी वाईट झालेलं आठवतं, बहुधा बंदुकीचा आवाज किंवा गळ्यातल्या विजेच्या पट्ट्याचा झटका. हे घरी दुरुस्त करायला जाल तर वाढवाल. मी एका मित्राच्या कुत्र्याचं वाढवलं आहे. तो अजून माझ्याशी बोलतो, कुत्रा बोलत नाही.

रानात दोन-तीन मेलेले पक्षी एकत्र सापडले तर उचलू नका, कुत्रीला लांब ठेवा आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला जागा कळवा. सगळ्या तपासण्या होऊन, ओळीने दोन वर्षं एखादा सरकारी तुकडा रिकामाच निघत असेल तर त्याच खात्याच्या स्थानिक जीवशास्त्रज्ञाला फोन करा. कुठला तुकडा कधी तोडला आणि पुढे कुठे तोडायचा आहे हे त्यांच्याकडे असतं, आणि हंगामाच्या गर्दीआधी विचारलंत तर तासभर बोलतात.

शेवटी, हंगामाच्या आधीचे दोन आठवडे मी त्या रानांत जातच नाही. सारखे उठवलेले पक्षी जागा सोडतात आणि मग उघडण्याच्या दिवशी पुन्हा क लक्षण. तेव्हा वही बंद, टिकलीला घराभोवतीच पळवायचं.

यंदाचा शेवटचा फेरा उद्या. रात्रीच्या अंदाजात वारा पूर्वेचा सांगताहेत, म्हणजे या वेळी गाडी लावायच्या जागेतूनच आत जाता येईल. डबीत म्हाताऱ्या अजून नऊ उरल्यात.